पेक्टिन घातलं, तरी फिल्म तशीच का राहिली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना समजेल. तुम्ही कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा जिवाणू वाढवून बॅक्टेरियल सेल्युलोजच्या पेलिकल (जिवाणूंनी द्रावणावर विणलेल्या सेल्युलोजच्या ओल्या, जेलीसारख्या चकत्या) काढल्या. एका खेपेत मीडियममध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रावणात, १ टक्का पेक्टिन घातलं, दुसऱ्या खेपेत चिंचोक्यातलं झायलोग्लुकन. सगळ्या पेलिकल गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून, धुऊन, ओव्हनमध्ये वाळवल्या. पेक्टिनवाली फिल्म साध्या फिल्मसारखीच निघाली. झायलोग्लुकनवाली कमी ताकदीची, पण जास्त ताणली जाणारी. मग निराळ्या प्रयोगात शुद्ध पेलिकल मिक्सरमधून काढून स्टार्च आणि ग्लिसरॉलमध्ये मिसळली. ती फिल्म नुसत्या स्टार्चपेक्षा बळकट झाली, पण शुद्ध सेल्युलोजच्या जवळपासही गेली नाही. वर, पाण्याची वाफ यातली एकही अडवत नाही. शोधनिबंधांत मात्र जिथे तिथे ‘गुणधर्म सुधारले’ असंच लिहिलेलं. तेव्हा वेष्टनासाठी कोणतं पॉलिसॅकराइड (पेक्टिन, झायलोग्लुकन, स्टार्चसारखी शर्करेच्या रेणूंची लांब साखळी) घ्यावं आणि किती टक्के?

टक्केवारीकडे शेवटी येऊ. कारण तुमची खरी अडचण ती नाही. तुम्ही तीन अगदी वेगळे पदार्थ बनवलेत आणि तिघांनाही ‘बायोकॉम्पोझिट फिल्म’ (जैविक घटकांच्या मिश्रणाची फिल्म) हे एकच नाव असल्यामुळे त्यांची तुलना करताय. फिल्म कशी वागणार हे ठरतं ते पॉलिसॅकराइड नेमकं कुठे बसलंय यावर: सेल्युलोजचा तंतू तयार होतानाच त्याला चिकटलंय, तयार जाळीच्या पोकळीत शिरलंय, की तेच मुख्य द्रव्य आहे आणि तंतू त्यात विखुरलेत. त्यानंतर पाणी कसं काढलं हे येतं. मग मोजताना हवेत ओलावा किती होता. घटकांचं प्रमाण माझ्या हिशेबात या तिन्हींच्या मागून येतं.

आधी पेक्टिनचं कोडं. मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्या त्या फिल्ममध्ये पेक्टिन उरलेलंच नाही. जिवाणू आणि मीडियमचे अवशेष काढायला ०.१ ते १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ८०–९० अंश तापमान वापरण्याची पद्धत शुद्ध सेल्युलोजसाठी उत्तम आहे, कारण सेल्युलोजला त्याने काही होत नाही. पेक्टिनची गोष्ट वेगळी. गरम अल्कलीत त्याचे मिथाइल एस्टर (त्याच्या आम्लगटांवर बसलेले मिथाइल गट) निघून जातात, साखळीही तुटते, आणि उरलेले तुकडे सोडियमचे क्षार होऊन धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातात. स्टार्च मीडियममध्ये घातलंत तरी थोड्याफार फरकाने हेच होईल. झायलोग्लुकन मात्र सेल्युलोजच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसतं. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतून ते सोडवायला ४ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडपर्यंत जावं लागतं. म्हणून तुमच्या धुण्यात ते टिकलं आणि पेक्टिन गेलं. दोन खेपांतला फरक पॉलिसॅकराइडच्या गुणांचा कमी आणि धुण्याच्या पायरीचा जास्त आहे.

याची खातरजमा सोपी आहे. एकाच आकाराचे, एकाच दिवशी काढलेले शुद्ध आणि पेक्टिनवाले तुकडे पूर्ण वाळवून वजन करा. फरक नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. (फरक निघाला तरी तो सगळा पेक्टिनचा धरू नका. मीडियममध्ये काही मिसळलं की जिवाणू सेल्युलोजही कमी-जास्त बनवतात.) नक्की आकडा हवा तर युरॉनिक आम्लाची (पेक्टिनची साखळी ज्या आम्लयुक्त शर्करेची असते तिची) रंगचाचणी करा. एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या वर्णपटात) १७४० प्रति सेंटीमीटरच्या आसपास एस्टरचा पट्टा शोधणार असाल तर जपून: अल्कलीतून गेलेल्या पेक्टिनचे एस्टर निघून गेलेले असतात, त्यामुळे पट्टा नाही म्हणजे पेक्टिन नाही असं म्हणता येत नाही. आणि कार्बॉक्सिलेटचा १६०० जवळचा पट्टा शोषलेल्या पाण्याच्या १६४० च्या पट्ट्याशेजारीच येतो.

पेक्टिन हवंच असेल तर क्रम उलटा करा. आधी शुद्ध पेलिकल अल्कलीने साफ करा, पाणी उदासीन होईपर्यंत धुवा, आणि मग ती न वाळवता पेक्टिनच्या द्रावणात बुडवा. पेलिकल एकदा वाळली की तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा भिजवून पूर्वीची पोकळी परत येत नाही. वाळलेल्या फिल्मवर पेक्टिन टाकणं म्हणजे फक्त वरून लेप देणं.

इथे एक हिशेब सांगतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ओली पेलिकल म्हणजे साधारण ९९ टक्के पाणी आणि १ टक्का सेल्युलोज. तिच्या पोकळीतल्या पाण्याच्या जागी १ टक्क्याचं पेक्टिनचं द्रावण पूर्णपणे भरलं आणि तसंच वाळवलं, तर कोरड्या फिल्ममध्ये पेक्टिन आणि सेल्युलोज जवळजवळ निम्मं-निम्मं होतं. वहीत लिहिलेला ‘१ टक्का’ प्रत्यक्षात ५० टक्के असतो! उलट बुडवून काढल्यावर टिपकागदाने दाबून पाणी काढलंत तर त्याच पाण्याबरोबर पेक्टिनही बाहेर येतं आणि प्रमाण कुठल्या कुठे घसरतं. म्हणून द्रावणाची तीव्रता लिहून थांबू नका. कोरड्या वजनात कशाचा वाटा किती, हे लिहा.

बुडवण्याचा वेळही असाच फसवा असतो. मोठे रेणू जाळीतून हळू सरकतात आणि लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: पेलिकल दुप्पट जाड, तर वेळ चौपट. एका रात्रीत पातळ पेलिकल भरते, जाड पेलिकलची नुसती वरची कातडी भरते. मधून आडवा काप घेऊन पाहिल्याशिवाय ‘एकसारखं भरलं’ असं मी तरी लिहीत नाही.

आता कॅल्शियम. कमी मिथॉक्सिल पेक्टिन, म्हणजे निम्म्याहून कमी एस्टर असलेलं, कॅल्शियमने बांधलं जातं आणि तेव्हाच त्याची स्वतःची जाळी तयार होते. एरवी ते पोकळीत नुसतं पडून असतं आणि पाण्यात टाकताच बाहेर येतं. हे बांधकाम मीडियममध्येच उरकावं असं अनेकांना वाटतं. पण अशा जिवाणूंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या, हेस्ट्रिन आणि श्राम यांच्या १९५४ च्या मीडियममध्ये फॉस्फेटही आहे आणि सायट्रिक आम्लही. फॉस्फेट कॅल्शियमला गाळात बसवतं, सायट्रेट त्याला धरून ठेवतं. भरीला जिवाणू ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल बनवतात आणि सामू ४ च्याही खाली जाऊ शकतो. तिथे पेक्टिनचे आम्लगट पुरते आयनित राहत नाहीत, त्यामुळे कॅल्शियमची पकडही सैल होते. तेव्हा आधी पेक्टिन पूर्ण आत जाऊ द्या, मग पेलिकल कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवा. दोन्ही एकत्र घातलंत तर बाहेरच जेल होईल आणि आत काही जाणार नाही.

झायलोग्लुकनच्या फिल्मबद्दल तुम्ही नाराज आहात, पण तिने अपेक्षेप्रमाणेच वर्तन केलं. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेचे संशोधक माइक गिडली यांच्या गटाने १९९० च्या दशकात पेशीभित्तिकेची प्रतिकृती म्हणून नेमक्या अशाच पेलिकल बनवल्या होत्या, आणि झायलोग्लुकन मिसळल्यावर जाळी कमकुवत पण जास्त ताणली जाणारी होते हे दाखवलं होतं. कारण असं: सेल्युलोजच्या बारीक साखळ्या पेशीतून बाहेर पडून एकत्र येत असतानाच झायलोग्लुकन त्यांच्या पृष्ठभागावर बसतं आणि दोन तंतूंच्या मध्ये पूल बांधतं. तंतूंची आपापसातली थेट गुंतागुंत कमी होते. स्फटिकांची घडणही थोडी बदलते, आय-अल्फा या, सेल्युलोजच्या दोन नैसर्गिक स्फटिकरूपांपैकी एकाचा वाटा उतरतो. वाढत्या वनस्पतिपेशीला ताणली जाणारी भिंतच हवी असते, त्यामुळे तिच्या दृष्टीने हा बिघाड नव्हेच.

पण ती मोजमापं ओल्या पेलिकलची आहेत, आणि तुम्ही मोजताय कोरडी फिल्म. ओल्या पेलिकलचा ताठपणा मेगापास्कलांत मोजतात, कोरड्या फिल्मचा गिगापास्कलांत. दोन्हींत भार वाहण्याची तऱ्हाच निराळी आहे. ओल्यात तंतू सरकतात आणि फिरून ताणाच्या दिशेला येतात. कोरड्यात ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात, आणि तिथे मधलं पॉलिसॅकराइड गोंदाचंही काम करू शकतं. त्यामुळे ‘झायलोग्लुकनने ताकद घटते’ आणि ‘झायलोग्लुकनने ताकद वाढते’ असे दोन निबंध हाती आले तर दोन्ही बरोबर असू शकतात. निकालाआधी नमुन्याची अवस्था वाचा. तुमची फिल्म कोरडी असूनही कमकुवत निघाली, याचं कारण मी आधी वाळवण्यात आणि घनतेत शोधेन.

घनतेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण माझ्या अनुभवात ‘कॉम्पोझिटचा परिणाम’ म्हणून खपणारे निम्मे फरक इथेच विरघळतात. सेल्युलोजची खरी घनता घन सेंटीमीटरला १.५ ते १.६ ग्रॅम. १ सेंटीमीटर जाडीची, १ टक्का सेल्युलोज असलेली पेलिकल पूर्ण दाबून वाळली तर फिल्म साधारण ६५ मायक्रॉनची व्हायला हवी. तुमची जर १०० मायक्रॉन भरली, तर तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा हवेने व्यापलीय. ताणबल (फिल्म तुटेपर्यंत दर क्षेत्रफळामागे किती ओढ सोसते) काढताना आपण बलाला पूर्ण छेदाने भागतो, म्हणजे त्या हवेलाही भार वाहायला लावतो. फिल्मचं वजन, क्षेत्रफळ आणि जाडी यावरून भासमान घनता काढा आणि तिच्या शेजारी ताणबलाचे आकडे मांडा. दोन फिल्मांतला फरक त्यानंतरही उरला, तरच तो पॉलिसॅकराइडच्या खाती टाका.

वाळवण्याच्या पद्धतीनुसार हा आकडा खूप बदलतो. गोठवून वाळवली तर स्पंजासारखी पोकळ, गरम दाबयंत्रात वाळवली तर घट्ट आणि बरीचशी पारदर्शक. ओव्हनमध्ये मोकळी ठेवली तर ती आक्रसते, कडा वळतात आणि तंतू नागमोडी होतात. अशी फिल्म ताणली की आधी त्या नागमोडी सरळ होतात, आणि आपण त्याला ‘लवचीकपणा वाढला’ म्हणतो. कडा चौकटीत धरून वाळवलेली फिल्म त्याच पेलिकलची असूनही जास्त ताठ निघते. तुमच्या झायलोग्लुकनच्या तुकड्याने हाच प्रकार केला असण्याची शक्यता आहे. सगळ्या खेपा चौकटीत धरून पुन्हा वाळवा. हवेकडची बाजू खालच्या बाजूपेक्षा दाट असते, तेव्हा प्रत्येक तुकड्यावर कोणती बाजू वर होती याची खूण करून ठेवा.

स्टार्चच्या प्रयोगाकडे वळू. तिथे तुमची तुलनाच चुकली आहे. वाटलेली पेलिकल म्हणजे सलग जाळी नव्हे. जाळी तोडून तुम्ही तिचे तुकडे स्टार्चच्या द्रव्यात पसरलेत. ही काँक्रीटमधल्या सळईसारखी रचना झाली आणि तिची तुलना नुसत्या स्टार्चशीच करायची. शुद्ध बॅक्टेरियल सेल्युलोजची कोरडी फिल्म इतकी ताठ असते की १९८० च्या दशकात सोनीने ध्वनियंत्रांच्या कंप पावणाऱ्या पडद्यासाठी ती वापरली होती. पाच-दहा टक्के तुकडे घालून त्या पातळीला पोचण्याची अपेक्षाच धरू नका. स्टार्चच्या फिल्मचा ताठपणा आणि ताणबल ठळकपणे वाढलं, तर प्रयोग जमला.

इथे टक्केवारीला खरा अर्थ येतो. माझ्या हाताखालच्या कामात कोरड्या वजनाच्या ५ ते १० टक्के सेल्युलोज ही सोयीची पट्टी आहे. त्याखाली तंतू एकमेकांना पुरेसे भिडत नाहीत. त्यावर गेलं की मिश्रण ओतता येत नाही इतकं दाट होतं, हवेचे बुडबुडे अडकतात आणि फिल्म नेमकी त्या बुडबुड्याशी फाटते. निर्वात करून बुडबुडे काढणं ही टाळता न येणारी पायरी समजा. पण ही पट्टी तुमच्या वाटण्यावर अवलंबून आहे. स्वयंपाकघरी मिक्सरमधून गोळे उरतात आणि १० टक्क्यांचे गोळे ३ टक्क्यांच्या नीट सुट्या केलेल्या तंतूंपुढे हरतात. उच्च कर्तनाचा होमोजिनायझर (तंतू जोराने घासून सुटे करणारं यंत्र) मिळत असेल तर तो वापरा, आणि वाटायची पेलिकल कधीही न वाळलेली असू द्या.

ग्लिसरॉलचं प्रमाण कशावर काढलंय हे तुम्ही लिहिलेलं नाही. १०० ग्रॅम पॉलिसॅकराइडला ३० ग्रॅम ग्लिसरॉल म्हणजे पॉलिसॅकराइडवर ३० टक्के, पण एकूण फिल्ममध्ये २३. दोन निबंधांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा कित्येकदा एवढंच असतं. ग्लिसरॉल साखळ्यांमधली पकड सैल करतं, म्हणून फिल्म ताणली जाते, ताकद उतरते आणि वाफ अधिक सहज पार जाते. तिन्ही एकाच वेळी होतात, त्यातलं एकच निवडता येत नाही. शिवाय स्टार्चची फिल्म ठेवल्या ठेवल्या बदलते. साखळ्या हळूहळू पुन्हा स्फटिकरूप घेतात आणि फिल्म कडक, ठिसूळ होते. ओतल्यानंतर सगळ्या फिल्म सारख्याच वयाच्या असताना तोडा.

आणि आर्द्रता. तुम्ही फिल्म ओव्हनमधून काढून लगेच यंत्राला लावल्या असतील तर ते आकडे फेकून द्या, असं मी स्पष्टच म्हणेन. या सगळ्या पदार्थांत पाणी हाच सर्वांत प्रभावी मऊ करणारा घटक आहे, आणि ते हवेतून फुकट येतं. २३ अंश आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत किमान दोन दिवस ठेवून मग मोजा. खास कक्ष नसेल तर बंद डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवा, २५ अंशाला साधारण ५३ टक्के मिळतात. मिठाच्या संपृक्त द्रावणाने ७५ मिळतात. दोन्ही ठिकाणी मोजलंत तर फिल्मचा स्वभाव कळतो. ५३ ला झकास आणि ७५ ला लिबलिबीत असेल, तर वेष्टन म्हणून ती कुठे चालेल हे वेगळं सांगायला नको.

वाफेच्या बाबतीत आधी अपेक्षा दुरुस्त करू. सेल्युलोजचे स्फटिक वाफेला आत घेत नाहीत, त्यामुळे तिला वळसा घालून जावं लागतं हे खरं. पण स्फटिकांचे पृष्ठभाग आणि भोवतालचं पेक्टिन किंवा स्टार्च पाण्याचे मित्र आहेत. पाणी त्यात विरघळून पलीकडे जातं. त्यामुळे बॅक्टेरियल सेल्युलोज घालून वाफेची पारगम्यता थोडी उतरेल, प्लास्टिकच्या पातळीला कधीच येणार नाही. या फिल्मांचं खरं बळ प्राणवायू अडवण्यात आहे, आणि तेही कोरड्या हवेत. आर्द्रता ७० च्या वर गेली की तीही ढासळते. तेव्हा कोरड्या, तेलकट, हवेने खवट होणाऱ्या मालासाठी ही फिल्म विचारात घ्या, ओल्या मालासाठी नको. वाफ अडवायचीच असेल तर मेणाचा किंवा लाखेचा पातळ थर वेगळा द्या. सायट्रिक आम्लाने साखळ्या जोडूनही पाण्यात फुगणं कमी होतं, पण त्यासाठी सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि न जोडलं गेलेलं आम्ल धुऊन काढावं लागतं. नाहीतर ते स्वतःच ग्लिसरॉलसारखं वागतं आणि तुमचा निष्कर्ष उलटा पडतो.

कप पद्धतीने (कपाच्या तोंडावर फिल्म बसवून वजनातला बदल पाहून) वाफ मोजताना कपात पाणी होतं की शोषक, हेही लिहा. तीच फिल्म दोन्ही प्रकारे वेगळा आकडा देते. कपात पाणी असेल तर पाणी आणि फिल्म यांच्यामधला हवेचा थरही वाफेला अडवतो. प्लास्टिकच्या बाबतीत तो नगण्य ठरतो. आपल्या फिल्म मात्र वाफेला इतक्या मोकळ्या असतात की खालच्या बाजूची आर्द्रता १०० पेक्षा बरीच कमी राहते, आणि दुरुस्ती न करता काढलेली पारगम्यता खोटी चांगली दिसते. अशा फिल्मांची पारगम्यता जाडीनुसारही बदलते, तेव्हा शक्यतो सारख्या जाडीच्याच फिल्म एकमेकींसमोर ठेवा.

क्ष-किरण विवर्तनाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंत, तेवढंच सांगतो. पेक्टिन किंवा स्टार्च मिसळल्यावर सेगलच्या पद्धतीने (विवर्तनाच्या शिखरांच्या उंचीवरून) काढलेला स्फटिकतेचा आकडा उतरतो, कारण तुम्ही अस्फटिक पदार्थ त्यात ओतलाय. त्यावरून सेल्युलोजची घडण बिघडली असं म्हणू नका. ते म्हणायचं तर तंतू तयार होत असताना काही मिसळलेलं असायला हवं, आणि मिसळलेल्या भागाचा वाटा वजा करून फरक उरायला हवा. एफटीआयआरमधला ३३०० चा पट्टा रुंद झाला म्हणून ‘हायड्रोजन बंध वाढले’ हे वाक्यही असंच सवयीने लिहिलं जातं. पाण्याचा अंश बदलला तरी तो पट्टा रुंदावतो.

मग निवड? ओतून करायची पातळ, ताणली जाणारी फिल्म हवी असेल तर तुमचा स्टार्चचा मार्ग योग्य आहे, फक्त तंतू नीट सुटे करा. बळकट पत्रा हवा असेल तर शुद्ध पेलिकलमध्ये पेक्टिन भरून, कॅल्शियमने बांधून, गरम दाबयंत्रात वाळवा. मीडियममध्येच पॉलिसॅकराइड घालण्याचा मार्ग मी वेष्टनासाठी सुचवणार नाही. तो खर्चिक आहे आणि दर खेपेला निराळा निघतो. त्याची खरी जागा पेशीभित्तिकेच्या अभ्यासात, किंवा वाळवूनही पुन्हा पाणी धरणारी जखमपट्टी बनवायची असेल तिथे. त्यासाठी झायलोग्लुकनपेक्षा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आधी करून बघा. ते मीडियममध्ये असलं की तंतूंच्या रुंद पट्ट्या बनण्यात अडथळा येतो, हे हायग्लर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवलंय. अशी फिल्म वाळल्यावरही पाणी बरंच परत घेते.

पुढच्या खेपेआधी तुमच्या पेक्टिनच्या पुडक्यावर एस्टरीकरणाची टक्केवारी पाहून ठेवा. ती ६०–७० असेल तर कॅल्शियमची वर सांगितलेली पायरी जवळपास वाया जाईल, दुसरं पेक्टिन मागवावं लागेल.